नऊ ठिकाणांची यादी आणि हजीऱ्याची एक संध्याकाळ

पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबाग भागात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरणारे आमचे संगीतश्रवण मंडळ चाळीसेक सभासदांचे आहे. गेल्या वर्षी सलग आठ महिने मंडळाने ग्वाल्हेर घराण्याची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली. हद्दू-हस्सू खाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्यामार्फत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आणि त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुस्करांकडे कशी आली, आणि त्याच वेळी ग्वाल्हेर न सोडलेल्या शंकरराव पंडितांच्या घरात, पुढे त्यांचे पुत्र कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांच्या गळ्यात ती कशी टिकली, हा त्या आठ महिन्यांचा विषय होता. जुलैच्या बैठकीत एका सभासदाने सहज सुचवले की एवढे ऐकले आहे, तर एकदा ते गाव प्रत्यक्ष पाहून यावे. सूचना हसण्यावारी न जाता इतिवृत्तात नोंदली गेली आणि सप्टेंबरच्या बैठकीपर्यंत २२ जणांनी नावे दिली.

इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे पाच जणांच्या सहल समितीतही मी होते. पुढील नोंद त्या कागदांवरून आणि स्वतःच्या आठवणीवरून केली आहे. व्यक्तींची नावे मुद्दाम वगळली आहेत.

नावे दिलेल्या २२ जणांपैकी १४ स्त्रिया होत्या आणि १७ जण साठीच्या पुढचे होते. सर्वांत ज्येष्ठ सभासद ७९ वर्षांच्या होत्या. मंडळात त्यांना सगळे माई म्हणतात. पाच जणांना गुडघ्याचा त्रास होता, त्यांपैकी एकांचा गुडघा बदललेला होता, आणि एक भगिनी जेवणाच्या वेळेनुसार इन्सुलिन घेणाऱ्या होत्या. ही माहिती आम्ही पहिल्याच आठवड्यात एका वहीत उतरवून घेतली. त्या वेळी काहींना हा भोचकपणा वाटला होता. पुढे प्रत्येक निर्णयाच्या वेळी हीच वही उघडावी लागली.

अडचण नेमकी कोठे होती

सुरुवातीला अडचण आहे असे कोणालाच वाटले नव्हते. कोषाध्यक्षांनी ओळखीच्या एका प्रवास व्यवस्थापकाकडून आराखडा मागवला आणि तो चार दिवसांत आला. इंदूरहून बसने निघून दोन दिवसांत नऊ ठिकाणे त्यात होती: किल्ला, गुजरी महल, जयविलास राजवाडा, सूर्यमंदिर, मानमंदिरावरील ध्वनी-प्रकाश कार्यक्रम, बटेश्वर-पडावली-मितावली, राणी लक्ष्मीबाईंची समाधी, तानसेनाची समाधी आणि शेवटी खरेदी. माणशी ९,४०० रुपये, त्यात जेवण धरलेले. कागद नीटनेटका होता आणि पहिल्या वाचनात समितीतल्या चौघांना तो पसंतही पडला.

संयोजिकाबाईंनी मात्र तो वेळेच्या रकान्यावर बोट ठेवून वाचला. तानसेनाच्या समाधीसाठी दुसऱ्या दिवशी दुपारी ३ ते ३.३० अशी अर्ध्या तासाची जागा होती, खरेदीसाठी दीड तास होता आणि गाणे ऐकण्यासाठी एक मिनिटही नव्हते. ज्या मंडळाने आठ महिने एका घराण्याची गायकी ऐकली, त्याच्या सहलीत गाणेच नाही, ही गोष्ट दाखवून दिल्याशिवाय आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. व्यवस्थापकाला त्याबद्दल दोष देता येणार नाही. आम्ही त्याला ‘ग्वाल्हेर, दोन दिवस, २२ माणसे’ एवढेच सांगितले होते आणि त्याने ग्वाल्हेर, दोन दिवस, २२ माणसे यांचाच आराखडा केला होता.

दुसरी अडचण शरीराची होती. इंदूर आणि ग्वाल्हेर ही दोन्ही शहरे जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावर असली, तरी मधले अंतर सुमारे ५०० किलोमीटरचे आहे आणि बसने जायचे तर सबंध दिवस मोडतो. त्या प्रवासानंतर दुसऱ्याच सकाळी किल्ला चढायचा, हे वहीतल्या पाच गुडघ्यांना परवडणारे नव्हते.

समोरचे तीन पर्याय

सप्टेंबरच्या शेवटच्या बैठकीत तीन पर्याय मांडले गेले. पहिला पर्याय म्हणजे व्यवस्थापकाचाच आराखडा थोडा सैल करून घेणे. जबाबदारी एकाच माणसावर राहते, वाटेत गाडी बिघडली तर फोन त्याला करायचा असतो आणि समितीला स्वस्थ झोप लागते, ही त्याची जमेची बाजू. ‘सैल’ म्हणजे काय, हे विचारल्यावर त्याने सूर्यमंदिर काढून टाकले आणि खरेदीची वेळ वाढवली. त्यावरून पुढचा अंदाज आला.

दुसरा पर्याय संयोजिकाबाईंचा होता: डिसेंबरमध्ये तानसेन समारोहाच्या दिवसांत रेल्वेने जायचे, दोन दिवसांत समारोहाच्या दोन सभा ऐकायच्या आणि उरलेल्या वेळात मावेल तेवढेच पाहायचे. १९२४ साली सुरू झालेला हा समारोह हजीरा भागात, तानसेनाच्या समाधीच्या परिसरात होतो. शेजारीच सूफी संत मुहम्मद गौस यांचा मोठा मकबरा आहे, ज्याच्या दगडी जाळ्यांतून आत उजेड गाळून येतो, आणि त्याच्या सावलीत तानसेनाची समाधी अगदी लहान, उघड्या चौथऱ्यावरची आहे. समारोहाच्या पहिल्या सकाळी तेथे शहनाई, ढोलीबुवा परंपरेतील हरिकथा आणि मिलाद एकापाठोपाठ एक होतात. सभांना प्रवेश सर्वांना खुला असतो. या पर्यायाची उणी बाजूही तेवढीच उघड होती: गावात गर्दी, खोल्यांचे चढे भाव, आणि ग्वाल्हेरची डिसेंबरातली रात्र, जी इंदूरच्या थंडीवर वाढलेल्या माणसाला अंगावर शाल असतानाही हुडहुडी भरवते.

तिसरा पर्याय कोषाध्यक्षांनी मांडला आणि तो दिसतो त्यापेक्षा शहाणपणाचा होता, असे मला आजही वाटते. फेब्रुवारीत जावे, तेव्हा थंडी ओसरलेली असते आणि खोल्या सहज मिळतात. समारोहाऐवजी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातील एखाद्या गायनशिक्षकाच्या घरी दोन तासांची बैठक ठरवावी. कृष्णराव पंडितांनी १९१४ साली काढलेले शंकर गांधर्व महाविद्यालय आणि भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली सुरू झालेले माधव संगीत महाविद्यालय ज्या गावात आहे, तेथे अशी बैठक जमवणे अवघड जाणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मंडपातल्या ध्वनिक्षेपकापेक्षा दिवाणखान्यातला तंबोरा बरा, हे म्हणणे श्रवण मंडळात तरी खोडून काढणे कठीण असते.

निर्णय कसा झाला

चर्चा दोन बैठकी चालली. निर्णय शेवटी युक्तिवादाने झाला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. माई दोन्ही बैठकींत कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसून होत्या. दुसऱ्या बैठकीच्या शेवटी संयोजिकाबाईंनी त्यांना विचारले, “माई, तुम्हांला काय वाटतं?” त्या म्हणाल्या, “किल्ला मी लग्नानंतर पाहिला आहे, राजवाडाही पाहिला आहे. हजीऱ्याला बसून गाणं ऐकायचं राहिलं आहे. बाकी तुम्ही ठरवा.” त्यानंतर फेब्रुवारीचा विषय कोणी काढला नाही.

एका सभासदाच्या इच्छेवर २२ जणांचा कार्यक्रम ठरवणे योग्य होते का, हा प्रश्न नंतर विचारला गेला. माझे मत असे की माईंनी स्वतःची इच्छा सांगितली, पण त्यामुळे बाकीच्यांनाही आपण सहल कशासाठी काढली होती ते आठवले.

दुसरा पर्याय ठरल्यावर यादी कापणे भाग होते. बटेश्वरचा समूह सोडताना सर्वांनाच हळहळ वाटली. चंबळच्या बीहडात पडलेल्या शेकडो देवळांचे दगड पुरातत्त्व खात्याने २००५ नंतर एकेक करून पुन्हा उभे केले, ते पाहण्याजोगे खरेच. पण त्यासाठी अर्धा दिवस लागतो. खरा वाद जयविलास राजवाड्यावरून झाला. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधलेला हा वाडा, दरबार हॉलमधली प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे आणि जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी, हे सारे ज्यांनी फक्त ऐकले होते, त्यांना ते वगळणे पटेना. संयोजिकाबाईंनी व्हॉट्सॲपवर मतदान घेतले: वगळावे १०, ठेवावे ६. राजवाडा गेला.

तयारी

समारोहाच्या तारखा कळल्यावर शनिवारी रात्री निघून रविवारी पहाटे पोहोचायचे आणि सोमवारी रात्रीच्या गाडीने परतायचे असे ठरले. परतीची गाडी आठच्या सुमाराची असल्यामुळे रविवारची संध्याकाळची सभा आणि सोमवारची सकाळची सभा, एवढ्या दोनच मिळणार होत्या.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. त्या सकाळी कोषाध्यक्ष आठ वाजता संगणकासमोर बसले आणि त्यांनी सहा, सहा, सहा आणि चार अशा चार तिकिटांत २२ जागा वीस मिनिटांत पक्क्या केल्या. सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले. दुपारी तिकिटे छापल्यावर दिसले की साठीपुढच्या नऊ जणांना मधले किंवा वरचे बर्थ मिळाले आहेत आणि माई वरच्या बर्थवर आहेत. कारण साधे होते. साठीपुढचे पुरुष आणि ४५ वर्षांपुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा जो वेगळा कोटा असतो, त्याचा लाभ एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असताना मिळतो. सहा जणांच्या तिकिटाला तो लागू होत नाही. तिकिटे रद्द करून नव्याने काढण्यात जागाच हातच्या जाण्याची भीती होती, म्हणून जाताना डब्यात अदलाबदल करायची आणि परतीच्या वेळी चूक सुधारायची असे ठरले. परतीचे आरक्षण दोन दिवसांनी उघडणार होते, ही त्यातली सोय. त्या दिवशी ज्येष्ठांची तिकिटे तिघांनी तीन घरांतून जोडीजोडीने काढली आणि वहीतल्या पाचही गुडघ्यांना खालचा बर्थ मिळाला.

उतरण्यासाठी पहिल्यांदा महाराज बाडा या चौकाजवळच्या एका गल्लीतली जागा पाहिली होती. लष्कराच्या मध्यात राहण्याचे आकर्षण होतेच. पण त्या गल्लीच्या तोंडापर्यंतच चारचाकी जाते आणि इमारतीला उद्वाहक नाही, असे चौकशीत कळल्यावर स्थानकाजवळ, पडाव भागात, उद्वाहक असलेली साधी जागा घेतली. खिडकीतून दिसायला तेथे पूल आणि दुकाने यांखेरीज काही नव्हते. तरी हा बदल बरोबर होता, याबद्दल मंडळात दुमत नाही.

किल्ल्याचा विचार सर्वांत जास्त करावा लागला. वर जाण्याचे दोन मार्ग आहेत. पूर्वेकडचा ग्वाल्हेर दरवाजा ते हाथी पोल हा जुना चढ पायीच जायचा आहे. पश्चिमेकडच्या उरवाई दरवाजाने वाहने जातात, पण रस्ता अरुंद असल्यामुळे मोठी बस नेता येत नाही. म्हणून २२ जणांसाठी चार सात-आसनी गाड्या ठरवल्या. त्यात पेच असा, की मंडळातल्या एका निवृत्त गणितशिक्षिकेसह आठ जणांना चतुर्भुज मंदिर पाहायचेच होते आणि ते पूर्वेकडच्या पायवाटेवर आहे, तेथे गाडी पोहोचत नाही. यावरचा तोडगा एका सभासदाच्या ग्वाल्हेरला राहणाऱ्या भाच्याने फोनवर सुचवला: “चढू नका, उतरा.” सगळ्यांनी उरवाईने गाडीतून वर जायचे, मानमंदिर पाहून झाल्यावर चालू शकणाऱ्यांनी हाथी पोलमधून चतुर्भुज मंदिरावरून खाली उतरायचे, आणि बाकीच्यांनी गाड्यांनी वळसा घालून पायथ्याच्या गुजरी महालात त्यांना गाठायचे.

त्याच फोनमध्ये, निघायला सहा दिवस उरले असताना, भाच्याने विचारले, “पण मावशी, किल्ला सोमवारी ठेवलाय? गुजरी महल सोमवारी बंद असतो.” आम्ही गर्दी टाळण्यासाठी किल्ला सोमवारी ठेवला होता. नऊ आठवडे चाललेल्या नियोजनात साप्ताहिक सुटी पाहण्याचे कोणाच्याही मनात आले नव्हते. किल्ला सोमवारीच ठेवून गुजरी महल सोडायचा, की रात्रभराच्या प्रवासानंतर रविवारच्या गर्दीत किल्ल्यावर जायचे, एवढेच दोन मार्ग उरले. आम्ही दुसरा घेतला, पहाटे पोहोचल्यावर साडेदहापर्यंत सक्तीची विश्रांती ठेवली आणि ज्यांनी किल्ला पूर्वी पाहिला आहे त्यांना त्या वेळात हवे तेथे जाण्याची मोकळीक दिली.

प्रत्यक्ष दोन दिवस

रविवारी माई आणि त्यांच्या सोबतीला राहिलेल्या एक भगिनी खोलीवर थांबल्या. तिघे जण चौथी गाडी घेऊन जयविलासला गेले. म्हणजे मतदानाने वगळलेला राजवाडा तिघांनी पाहिलाच, आणि तेही कोणाशी न भांडता. उरलेले १७ जण किल्ल्यावर गेले.

उरवाईच्या चढावर दोन्ही बाजूंच्या कड्यांत पंधराव्या शतकात, तोमरांच्या काळात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत. गाड्या तेथे थांबू शकल्या नाहीत आणि काचेतून मान वाकडी करून जेवढे दिसले तेवढेच पदरात पडले. तेली का मंदिर बाहेरून आणि सहस्रबाहूच्या देवळांची जोडी आतून पाहून आम्ही मानमंदिरापाशी पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६–१५१६) याच्या या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांच्या पट्ट्यात पिवळ्या बदकांची रांग चालली आहे. तिच्यापुढे आमची मंडळी जेवढा वेळ रेंगाळली, तेवढी दिवसभरात दुसरीकडे कोठेही नाही. तळघरातल्या अंधाऱ्या जिन्यांवर गुडघेवाल्यांना आम्ही पाठवले नाही.

येथून आठ जण पायी उतरले. चतुर्भुज मंदिर एका खडकातून कोरलेले, आपल्याकडच्या वाड्यातल्या देवघरापेक्षा फारसे मोठे नसलेले देऊळ आहे. रखवालदाराने आतल्या भिंतीवरच्या शिलालेखावर मोबाइलचा उजेड तिरका धरला. विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६च्या सुमाराचा हा लेख आहे. देवळाला दिलेल्या फुलबागेची लांबी त्यात २७० हात लिहिली आहे आणि देवाला रोज ५० माळा देण्याची व्यवस्थाही नोंदली आहे. गणितशिक्षिकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक भिंतीला लागेल एवढ्या जवळ गेल्या. दोन आणि सात हे आकडे आपल्या ओळखीचे दिसतात; त्यापुढे एक छोटे वाटोळे आहे, शेजारच्या सातापेक्षा बरेच लहान, रांगोळीच्या ठिपक्याला आतून पोकळ केल्यासारखे. शून्यासह लिहिलेल्या संख्यांचा, तारखेची खात्री असलेला इतका जुना पुरावा भारतात फार थोड्या ठिकाणी आहे. बाई काही बोलल्या नाहीत. हातातल्या तिकिटाच्या मागे त्यांनी तो आकडा जसा आहे तसा उतरवून घेतला आणि पुढे झाल्या.

याच उतारावर झिजलेल्या गुळगुळीत दगडांवरून एका काकांची चप्पल घसरली आणि कोपर खरचटले. बूट घाला, असे सूचनापत्रात लिहायचे राहून गेले होते. खाली गुजरी महालाच्या फाटकाबाहेर गाडीने आलेले नऊ जण अर्ध्या तासापासून उन्हात उभे होते, कारण तिकिटे पायी उतरणाऱ्या संयोजिकाबाई काढणार होत्या आणि दोन्ही तुकड्यांनी भेटायचे कोठे, आत की बाहेर, हे ठरलेले नव्हते. ग्यारसपूरची प्रसिद्ध शालभंजिका येथे विनंती केल्यावर दाखवली. इतक्या लहान मूर्तीसाठी एवढा बंदोबस्त का, हे तिच्याकडे पाहिल्यावर कोणी विचारले नाही. जेवायला मात्र तीन वाजले. इन्सुलिन घेणाऱ्या भगिनींनी दीड वाजता पिशवीतला पराठा खाल्ला म्हणून निभावले. त्यांनी तो समितीवर विश्वास नव्हता म्हणून आणला होता, असे त्यांनी नंतर हसत सांगितले; हसण्यासारखे ते नव्हते.

संध्याकाळसाठी चार गाड्यांचे दोन भाग केले होते: दोन गाड्या साडेनऊला परतणार, दोन सभा संपेपर्यंत थांबणार. कोणी कोणत्या गाडीत, हे आधीच कागदावर होते आणि माईंचे नाव पहिल्या भागात होते. पुढे जमिनीवर बैठक आणि मागे खुर्च्या अशी मांडणी असल्याने आम्ही मागेच बसलो. साडेनऊ वाजले तेव्हा मंडळी ज्या ख्यालगायनासाठी आली होती ते सुरूच झाले नव्हते. कार्यक्रमांचा क्रम बदलला होता. पहिल्या भागातल्या बारा जणांपैकी सात उठले. माईंना न्यायला मी गेले, तर त्या शालीतून फक्त नाक बाहेर काढून म्हणाल्या, “तू जा. मी बसते.” पावणेबाराला विलंबित ख्याल संपला तेव्हा त्यांचे हात बर्फासारखे गार होते आणि बोटे गुडघ्यावर एकतालाची शेवटची आवर्तने मोजत होती.

सोमवारच्या सकाळच्या सभेला माई आल्या नाहीत. त्या नऊपर्यंत झोपल्या होत्या. बाकीच्यांपैकी तेरा जण गेले. दुपारी लष्करात फिरणे झाले. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१०च्या सुमारास येथे स्थिरावली आणि गावाला लष्कर हेच नाव पडले. शिंदे की छावणी, फालका बाजार, चिटणीस की गोठ ही नावे ऐकताना त्यातला मराठी ‘गोट’ कानाला लगेच कळतो. भाच्याच्या घरी चहा झाला. त्याच्या आजी “बाड्यावर जाऊन आलात का?” असे विचारू लागल्या, तेव्हा आमच्यातले एक काका इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याची आठवण काढून “आमच्याकडे राजवाड्यावर जातात” असे म्हणाले आणि होळकर-शिंदे यांचा जुना हिशेब अर्धा तास पुन्हा मांडला गेला. फूलबागेतल्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर, जून १८५८च्या त्या जागेवर, जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली. तेथून गाड्या थेट स्थानकावर गेल्या.

परिणाम

सर्वजण सुखरूप परतले. माणशी ६,००० रुपये जमवले होते. खर्च वजा जाता एकंदर १,८४० रुपये उरले, ते मंडळाच्या खात्यात जमा केले. परतल्यावर घेतलेल्या प्रतिसादात सर्वाधिक उल्लेख रविवारच्या रात्रीच्या सभेचा आणि त्याखालोखाल बदकांच्या रांगेचा होता. तक्रारी तीन आल्या: रविवारचे उशिराचे जेवण, गुजरी महालाबाहेरचे ताटकळणे आणि राजवाड्याचे मतदान.

काय वेगळे करता आले असते

तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. राजवाडा वगळण्याचा निर्णय माझ्या मते बरोबर होता. तो ठेवला असता तर एक तर किल्ला अर्धवट राहिला असता किंवा संध्याकाळी मंडळी मंडपात पेंगली असती. पण निर्णयाची रीत चुकली. २२ पैकी १६ जणांनी मत दिले. उरलेल्या सहांपैकी चौघांकडे व्हॉट्सॲपच नाही, आणि ते चौघेही सत्तरीपुढचे आहेत. त्यांना फोन करायला वीस मिनिटे लागली असती. शिवाय ‘ठेवायचा की वगळायचा’ असा प्रश्न विचारल्यामुळे सहा जण हरले. ‘रविवारी सकाळी कोणाला किल्ल्याऐवजी राजवाडा पाहायचा आहे?’ असे विचारले असते तर कोणीच हरले नसते. प्रत्यक्षात झाले तेच, पण साप्ताहिक सुटीच्या चुकीमुळे अपघाताने झाले आणि तोवर उरलेल्या तिघांचे मन उडाले होते.

साप्ताहिक सुटीची चूक अक्षम्यच होती. प्रत्येक ठिकाणापुढे बंद असण्याचा वार आणि तिकीट खिडकीची वेळ लिहिण्याचा रकाना पहिल्या कागदावर असता, तर वार ठरवण्याआधीच ते दिसले असते. तिकिटांच्या बाबतीत, गट मोठा असला तरी ज्येष्ठांसाठी जोडीजोडीने आरक्षण करणे जाताना जमले असते. त्यासाठी फक्त तीन माणसे आठ वाजता मोकळी हवी होती.

गट फोडण्याची कल्पना चांगली ठरली, परंतु फुटल्यानंतर एकत्र कसे यायचे याचा विचार आम्ही केला नाही. प्रत्येक तुकडीत एक जबाबदार माणूस, त्याच्याकडे तिकिटांचे पैसे आणि भेटण्याची सावलीतली जागा, एवढे पुरले असते. जेवणाची वेळ कोणत्या ठिकाणी गाठायची हे ठरवून मग किल्ल्याचे तास मोजायला हवे होते. आम्ही उलट केले. संध्याकाळच्या गाड्यांच्या बाबतीत मात्र मी आमचाच बचाव करीन: कागदावरची नावे प्रत्यक्षात बदलली, तरी दोन वेळा ठेवल्यामुळेच सात जण वेळेवर झोपले आणि माईंना कोणी उठवू शकले नाही.

एका रात्रीचा मुक्काम वाढवावा का, याबद्दल समितीत अजून एकमत नाही. वाढवला असता तर सोमवारची संध्याकाळही मिळाली असती आणि माणशी हजार-बाराशेचा खर्च वाढला असता. जानेवारीच्या बैठकीत कोणीतरी सांगितले की समारोहाची एक सभा तानसेनाच्या जन्मगावी, बेहटला, सकाळी होते. माईंनी लगेच विचारले, “तिथवर गाडी जाते का?” गाडी जाते. तीन दिवस लागतील, आणि पुढच्या डिसेंबरापर्यंत माईंची ८० वर्षे पूर्ण झालेली असतील. विषय इतिवृत्तात ‘विचाराधीन’ म्हणून नोंदला आहे, आणि वहीत नवे पान सुरू झाले आहे.